जमिनीवरच्या ब्लाइंडमधून हरणाची शिकार: विस्कॉन्सिनमधल्या एका हंगामाच्या नोंदी (२०२३)

जागा: आयोवा काउंटी, नैऋत्य विस्कॉन्सिन. ओळखीच्या शेतकऱ्याची खासगी जमीन, त्याच्या परवानगीने. हत्यारं: सप्टेंबरपासून क्रॉसबो (बंदुकीसारखं धरून घोडा दाबायचं आडवं धनुष्य), नोव्हेंबरमध्ये रायफल. लपायला घडीचा कापडी ब्लाइंड, म्हणजे तंबूसारखा आडोसा. झाडावर टांगायचा स्टँड घेतला नाही, कारण लेकीला शेजारी बसवायचं होतं. ती चौदाची आहे. शिकार करणार नव्हती, बघणार होती. तसल्या स्टँडवर दोघांची सोय होत नाही, ब्लाइंडमध्ये होते.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाची शिकार गुन्हा आहे. या नोंदी अमेरिकेत राहून परवाना काढणाऱ्यांसाठी आहेत. इथे १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना हंटर सेफ्टीचा कोर्स लागतो. तो मी मागच्या वर्षी केला. परवान्यांचे प्रत्येकी २४ डॉलर, क्रॉसबोचा एक आणि बंदुकीचा एक.

२६ ऑगस्ट, शनिवार: जागा पाहणी

हा भाग टेकड्या-दऱ्यांचा आहे. हिमनद्या इथवर आल्याच नाहीत, म्हणून जमीन सपाट झाली नाही. वर ओकची झाडी, उतारावर गवत, खाली मका आणि लसूणघास. हरणं दिवसा वरच्या झाडीत बसतात आणि संध्याकाळी घासात उतरतात. शेतकऱ्याने मक्याची कडेची तासं दाखवली. कणसं अर्धी खाऊन टाकलेली. माद्या कमी व्हाव्यात ही त्याची पहिली मागणी.

झाडीतून घासाकडे येणारी एक पायवाट बांधालगत उतरते. खूर, लेंड्या, काटेरी तारेला अडकलेले केस, सगळं ताजं होतं. ब्लाइंडसाठी वावराचा कोपरा निवडला, कारण तिथून दोन्ही वाटा दिसतात. (हा निर्णय पुढे बदलावा लागला.)

दाणा टाकून हरणं बोलावता येत नाहीत. सीडब्ल्यूडी हा हरणांच्या मेंदूचा रोग विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली पहिल्यांदा सापडला, तो याच परिसरात. हरणं एका ढिगावर तोंड घालतात आणि लाळेतून रोग पसरतो, म्हणून या काउंटीत आमिषाला बंदी आहे. ब्लाइंड जिथे हरणं आपणहून येतात तिथेच लावायचा, दुसरा मार्ग नाही.

२ सप्टेंबर: ब्लाइंड उघडणं

चार भिंती आणि छत, प्रत्येकाच्या मध्ये एक गाठ आणि तिला जोडलेल्या फायबरच्या काड्या. गाठ बाहेर ओढली की भिंत ताणली जाते. तळ साधारण सव्वासहा फूट चौरस, उंची साडेपाच फूट, आतून पूर्ण काळा. १८९ डॉलर.

नव्या कापडाला रसायनांचा इतका उग्र वास होता की तो घरामागच्या अंगणात उघडाच ठेवायचं ठरलं. उघडताना छत आधी वर ढकललं आणि मग भिंत ओढली. एक काडी मोडली. चारही भिंती आधी, छत शेवटी. मिटताना उलटं, छत आधी खाली. सुटी काडी १४ डॉलरला मिळाली, पण पोचायला आठवडा लागला. घेतानाच एक जास्तीची काडी मागवून ठेवा.

९ सप्टेंबर: पहिली मांडणी

कोपऱ्यात ब्लाइंड उभा केला, मेखा ठोकल्या, समोरच्या ओकला ट्रेल कॅमेरा (समोर हालचाल झाली की आपोआप चित्र टिपणारा) बांधला आणि निघून आलो. हंगामाला आठवडाच होता आणि तो पुरला नाही. कॅमेऱ्यातल्या चित्रांत माद्या वावरात शिरतात, ब्लाइंडकडे पाहून थबकतात, मान वरखाली करतात आणि लांबून वळसा घेतात. हरणांना आपल्या वावरातली प्रत्येक वस्तू पाठ असते. रिकाम्या कोपऱ्यात रातोरात उभी राहिलेली काळी पेटी त्यांना लगेच कळते.

१६ सप्टेंबर: क्रॉसबोचा हंगाम सुरू

दुपारी तीनपासून बसलो. डास खूप, आत उकाडा. वारा खेळावा म्हणून चारही बाजूंच्या खिडक्या उघडल्या.

साडेसहाच्या सुमाराला एक मादी तीसेक यार्डांवर आली. मी क्रॉसबोकडे हात नेला तशी तिने थेट माझ्याकडे पाहिलं, पुढचा खूर दोनदा आपटला, फुत्कार टाकला आणि शेपूट उभारून गेली. पाठोपाठ कळपही गेला.

कारण ब्लाइंडबाहेर जाऊन पाहिल्यावर समजलं. लेकीला खुर्चीत बसवलं आणि मी मादीच्या जागी उभा राहिलो. मागच्या खिडकीतून येणाऱ्या उजेडावर लेकीची आकृती स्वच्छ दिसत होती. हात हलला तरी दिसत होता. मागची आणि बाजूची खिडकी लावली की ती अंधारात विरून गेली. दोन फुटांवरचा पांढरा हातरुमाल तेवढा चमकत राहिला.

तेव्हापासूनचे नियम: ज्या बाजूला मारायचं त्या बाजूचीच खिडकी उघडी, तीही लागेल तेवढीच. मागची कधीच नाही. आत काळे कपडे, काळे हातमोजे, तोंडावर काळं कापड. झाडापानांच्या नक्षीचे महाग कपडे काळ्या पार्श्वभूमीवर उलट उठून दिसतात. ते घेऊ नका, जुना काळा टीशर्ट चालतो. मात्र पांढरेपणा वाढवणाऱ्या साबणात धुतलेला नको. हरणांना लाल-नारिंगी नीट दिसत नाही, पण निळा आणि अतिनील प्रकाश आपल्यापेक्षा चांगला दिसतो आणि असे साबण नेमकी तीच चमक कपड्यात ठेवतात.

त्यानंतरचा आठवडा घरी गणपती होते. शेतावर गेलो नाही.

२४ सप्टेंबर: जागा बदलली

ब्लाइंड कोपऱ्यातून काढला आणि बांधावरच्या रेड सीडर या सदाहरित जातीच्या दोन झाडांमध्ये मागे दाबून बसवला. पायवाट आता पंचवीस यार्डांवर. दोन्ही वाटा दिसण्याचा मोह सोडला. एकच वाट, पण पाठीशी दाट झाडी.

झाकायचं काम सर्वांत जास्त वेळ खातं आणि इथेच लोक आळस करतात. ब्लाइंडच्या कापडाला फांद्या खोचायच्या पट्ट्या असतात. पहिल्यांदा हिरव्या पानांच्या फांद्या खोचल्या. चार दिवसांत त्या करपून तांबड्या झाल्या आणि सगळा बांध हिरवा असताना ब्लाइंड एकटाच वाळलेला दिसू लागला. आता सीडरच्या फांद्या, कारण त्या कापल्यावरही महिनाभर हिरव्या राहतात, आणि खाली वाळलेलं गोल्डनरॉडचं तण व उंच गवत. छताची सरळ कड मोडणं सर्वांत महत्त्वाचं. रानात सरळ रेघ कुठेच नसते. छतावर दोन आडव्या फांद्या बांधून कडा झाकल्या. कापलेलं सगळं त्याच बांधावरचं, शेतकऱ्याला विचारून.

आतली जमीन दाताळ्याने मातीपर्यंत खरवडली. वाळकं पान, काडी, खडा काही ठेवला नाही. खुर्चीच्या पायांखाली रबरी चटई. पूर्वीची १८ डॉलरवाली दोन स्टुलं वजन बदललं की करकरत होती, ती बाद केली. पाठ टेकता येणाऱ्या, आवाज न करणाऱ्या दोन खुर्च्या प्रत्येकी ४५ डॉलरला घेतल्या. ही बचत करण्याची जागा नाही. तीन तास स्थिर बसायचं तर पाठीला आधार हवाच.

दाराची चेन आत बसल्यावर ओढली की शांत रानात फार लांब ऐकू जाते. चेनला मेण चोळलं. तरीही अंधारात एकदाच लावायची आणि उठेपर्यंत हात लावायचा नाही.

७ ऑक्टोबर: खुर्चीत बसून नेमबाजी

हे काम पहिल्या आठवड्यातच व्हायला हवं होतं. इतके दिवस सराव अंगणात उभ्याने केलेला. आज पायवाटेवर निशाण मांडलं आणि खरोखर बसायचं तसं बसून, तेच कपडे घालून, तिपाईवर क्रॉसबो टेकवून बाण सोडला. क्रॉसबोवरच्या नेमाच्या दुर्बिणीत निशाण स्वच्छ दिसत होतं. बाण मात्र खिडकीची खालची कड फाडून समोरच्या मातीत गेला.

दुर्बीण बाणाच्या वर जवळजवळ तीन इंच असते. डोळ्याला मोकळं दिसतं ते बाणाला मोकळं असेलच असं नाही. खिडकीपासून मागे बसलं की हा फरक अजून फसवतो. रायफलच्या नळीलाही हेच लागू आहे. समोर हरीण असतं तर बाण भलतीकडे लागून ते जखमी झालं असतं, आणि जखमी हरीण रानात हरवणं याहून वाईट या छंदात काही नाही.

उपाय: खिडकीची कड चार इंच खाली घेतली आणि तिपाईच्या दांडीवर पांढऱ्या चिकटपट्टीची खूण केली. तिपाई त्या खुणेच्या खाली जाऊ द्यायची नाही. प्रत्येक बैठकीच्या सुरुवातीला दुर्बिणीतून नव्हे, तर बाणाच्या रेषेत डोळा लावून खिडकी पाहायची.

क्रॉसबोच्या दोन्ही भुजा सुटताना झटका मारतात. त्या कापडाला, काडीला किंवा शेजारच्या गुडघ्याला लागता कामा नयेत. लेकीची खुर्ची माझ्या मागे डावीकडे सरकवली. खिडकीवरची जाळी काढली. जाळीतून मारता येतं असं विकणारे सांगतात, पण उघडणाऱ्या पात्यांचे बाण जाळीला लागताच उघडतात आणि भरकटतात.

फाटलेली कड तंबूच्या ठिगळपट्टीने चिकटवली.

२१ ऑक्टोबर: वास

ब्लाइंड कापडाचा आहे, हवाबंद नाही. तो हालचाल लपवतो, वास लपवत नाही. बसलो तेव्हा वारा वायव्येचा होता, माझ्या बाजूला अनुकूल. पाच वाजता दक्षिणेचा झाला. वाऱ्याखाली चाळीस यार्डांवर, जिथे मला दिसतही नव्हतं, तिथून फुत्कार आला. नंतर अंधार पडेपर्यंत काहीच आलं नाही.

वास घालवणाऱ्या फवाऱ्यांवर पैसे घालवण्याऐवजी एकच पाळायचं ठरवलं. वारा दक्षिणेचा किंवा पूर्वेचा असेल तर या ब्लाइंडमध्ये बसायचं नाही, कितीही मन झालं तरी. टाल्कम पावडरची छोटी बाटली खिशात ठेवली. चिमूटभर हवेत सोडली की वारा नेमका कुठे वाहतो ते दिसतं. बांधालगत तो अंदाजापेक्षा वेगळाच वळतो.

याच आठवड्यात शेजारचा मका कापला गेला. महिनाभर मक्यात दिवस काढणारी हरणं वरच्या झाडीत गेली आणि पायवाटेवरची वर्दळ वाढली. आपल्या भागातली कापणी कधी होते ते शेतकऱ्याला विचारून ठेवा. कॅमेऱ्याची जुनी चित्रं त्या दिवसापासून निरुपयोगी होतात.

१ नोव्हेंबर: बर्फ

काल हॅलोवीनला ओला बर्फ पडला. फार नव्हता, पण छत आत बसलं, खळग्यात पाणी साठलं आणि एक काडी वाकली. ब्लाइंड तसाच सोडून आल्याचा परिणाम. आता मधोमध एक काठी उभी केली आहे आणि तिच्या टोकाला भोक पाडलेला टेनिसचा चेंडू बसवला आहे, म्हणजे छत वर उचललेलं राहतं आणि कापड फाटत नाही. बसायच्या वेळी काठी बाजूला. चार कोपऱ्यांच्या ताणाच्या दोऱ्या झाडांना बांधल्या. नुसत्या मेखांच्या भरवशावर वादळात ब्लाइंड उडतो.

सार्वजनिक जमिनीवर शिकार करणाऱ्यांना हा प्रश्न वेगळ्या रीतीने येतो. उत्तर विस्कॉन्सिनमधून आडव्या जाणाऱ्या महामार्ग ६४ च्या दक्षिणेला राज्याच्या जमिनीवर ब्लाइंड रात्रभर ठेवताच येत नाही, रोज काढून न्यावा लागतो. तिथे एवढं झाकणं शक्य नाही, हलका ब्लाइंड आणि पाठीशी झाडी एवढंच हातात राहतं.

१२ नोव्हेंबर: लक्ष्मीपूजन

हरणांच्या माजाचा भर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात असतो. नर भर दिवसा माद्यांच्या मागे फिरतात. यंदा दिवाळी नेमकी त्यातच आली. घरीच होतो. कॅमेऱ्याने सकाळी दहा वाजता पायवाटेवरून गेलेला रुंद शिंगांचा नर दाखवला. त्याचं दुःख नाही. आमचा परवाना मादीसाठीही होता आणि शेतकऱ्याची गरजही तीच होती.

१८ नोव्हेंबर: बंदुकीचा हंगाम, पहिला दिवस

थँक्सगिव्हिंगच्या आधीच्या शनिवारी सुरू होणारा नऊ दिवसांचा हंगाम. पहाटे साडेपाचला आत. मारायची परवानगी सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून.

या नऊ दिवसांत कंबरेच्या वर भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी कपडे सक्तीचे. आत बसलो म्हणून ते काढायचे नाहीत. राज्याच्या जमिनीवरच्या ब्लाइंडवर सर्व बाजूंनी दिसेल असं किमान १४४ चौरस इंच नारिंगी कापड लागतं. आम्ही खासगी जमिनीवरही चारही भिंतींवर आणि छतावर लावलं. इतके आठवडे झाकून झाकून अदृश्य केलेल्या ब्लाइंडच्या मागून गोळी आली तर आत बसलेल्यांना कळणारही नाही. कापड फडफडू नये म्हणून चारही कोपरे शिवले. नारिंगी रंगाने हरीण बुजत नाही, फडफडीने बुजतं.

जमिनीवरून रायफल वापरणाऱ्यांनी यावर सर्वांत जास्त विचार करावा: झाडावरून मारलेली गोळी खाली जमिनीत घुसते, जमिनीवरून मारलेली आडवी जाते आणि हरणाच्या पलीकडेही जाते. समोर मातीचा उतार असेल तरच ती दिशा वापरायची. आमच्या उत्तरेला टेकडीचा उतार आहे, ती खिडकी ठेवली. पूर्वेला पलीकडे गोठा आणि रस्ता आहे, ती खिडकी दोऱ्याने शिवूनच टाकली, म्हणजे ऐन वेळी मोह नको.

नळीचं तोंड खिडकीच्या बाहेर गेलं पाहिजे. आत राहिलं तर दणका बंद जागेत फुटतो. कानांना दोघांनीही संरक्षण लावायचं, बघ्यानेही.

सकाळी आठला एक मादी आली, पण ती टेकडीच्या माथ्यावर उभी राहिली आणि तिच्या मागे फक्त आकाश होतं. बोट घोड्यावर नेलं नाही. लेकीने कुजबुजत विचारलं, “बाबा, का नाही?” मी मागचं आकाश दाखवलं. ती मान हलवून पुन्हा दुर्बिणीकडे वळली.

थंडी वाढली तरी गॅसचा हीटर आत आणला नाही. बंद कापडी खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा धोका आहे, शिवाय छताला दव धरून ते अंगावर टपकतं. लोकरीचे मोजे, पायांखाली चटई आणि मांडीवर गोधडी एवढ्यावर भागलं.

२५ नोव्हेंबर: मादी मिळाली

वारा वायव्येचा, स्थिर. चार वाजायच्या आत तीन माद्या झाडीतून उतरल्या. ब्लाइंडकडे एकीनेही पाहिलं नाही. सप्टेंबरपासून उभा असल्याने तो आता बांधाचा भाग झाला होता. सर्वांत मोठी साठेक यार्डांवर आडवी उभी राहिली, मागे उतार. खांद्यामागे नेम धरला. ती चाळीस पावलं धावली आणि पडली. तरीही अर्धा तास खुर्चीतून उठलो नाही. घाई केली आणि प्राणी जिवंत असेल तर तो उठून मैलभर जातो.

लेक गप्प होती. मग तिने जाऊन मादीच्या मानेवर हात ठेवला. आम्ही दोघं थोडा वेळ तसेच बसलो, नंतर कामाला लागलो. पोट साफ करणं, ओढत आणणं, शेतकऱ्याच्या शेडमध्ये टांगणं, यात रात्रीचे नऊ वाजले. एकट्याने करणार असाल तर घसरगाडी जवळ ठेवा. उतारावरून ओढण्यात कंबर जाते.

नोंदणी ऑनलाइन किंवा फोनवर, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत. डोकं मानेच्या काही इंचांसकट सीडब्ल्यूडी तपासणीच्या पेटीत दिलं. तपासणी फुकट असते. निकाल येईपर्यंत मांस हाडांवरून काढून वेगळ्या खुणेच्या पिशव्यांत गोठवलं. रोगट निघालेल्या हरणाचं मांस खाऊ नये अशी अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेची सूचना आहे, आणि या काउंटीत रोग इतका पसरला आहे की तपासल्याशिवाय खायला मी कोणालाच देणार नाही.

९ डिसेंबर: निकाल आणि आवराआवर

तपासणीत रोग आढळला नाही. अर्धं मांस शेतकऱ्याच्या घरी पोचवलं. आमच्याकडे पहिला रस्सा कांदा-खोबऱ्याच्या वाटणात झाला. हे मांस बिनचरबीचं असतं, तेल थोडं जास्त घ्यावं लागतं आणि मांडीचे तुकडे मटणापेक्षा बरेच जास्त वेळ मंद आचेवर ठेवावे लागतात.

ब्लाइंड उतरवला. फांद्या काढल्या, कापड गॅरेजमध्ये दोन दिवस उघडून सुकवलं. ओलं घडी केलं तर बुरशी धरते आणि जमिनीवर ठेवलं तर उंदीर कुरतडतात, म्हणून भिंतीला टांगलं आहे.

खर्च डॉलरमध्ये: ब्लाइंड १८९, काडी १४, बाद झालेली स्टुलं ३६, खुर्च्या ९०, ट्रेल कॅमेरा ६०, तिपाई ४५, चटई-दोऱ्या-पट्ट्या-नारिंगी कापड मिळून ३२. एकूण ४६६, परवाने वेगळे.

पुढच्या वर्षी ब्लाइंड ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातच सीडरमध्ये उभा करायचा आहे. दक्षिणेच्या वाऱ्यासाठी टेकडीच्या पलीकडच्या ओढ्याजवळ दुसरी जागा पाहून ठेवली आहे, पण तिथे उतार फक्त पश्चिमेला आहे, म्हणजे ती क्रॉसबोपुरतीच. वाकलेली काडी बदलायची राहिली आहे. लेक मार्चमध्ये हंटर सेफ्टीच्या कोर्सला बसते आहे, तिच्या उंचीला माझी खुर्ची कमी पडते, तेव्हा खिडकीची आणि तिपाईची मापं तिच्यासाठी नव्याने घ्यावी लागतील.